आजोबांच्या पेटीच्या रीड्स घासण्याआधी हवा तपासा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. आजोबांची भजनातली दुहेरी पेटी, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन रीड्स (पितळी चौकटीतल्या, हवेने थरथरून सूर देणाऱ्या जिभा) असलेली हार्मोनियम, बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. आता खाली काढली, तर मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या वाजतच नाहीत, दोन-तीन चिरकतात, खर्ज (एक सप्तक खालच्या रीड्सचा संच) उशिरा बोलतो आणि भाता सारखा मारावा लागतो. रीड्सवर हिरवट डाग आहेत. एकाने सांगितलं सगळ्या रीड्स बदलून टाका, दुसऱ्याने सांगितलं चिंच लावून घासा, तिसऱ्याने गंजाचा स्प्रे मारायला सांगितलं. घरात एक जुना अकॉर्डियनही आहे, त्यालाही हेच करायचं का, हेही तुम्ही विचारलंय.

या तिन्हींपैकी एकही गोष्ट करू नका. निदान अजून तरी नको. तुमच्या प्रश्नात रीड्सबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वाक्य एकच आहे: ‘भाता सारखा मारावा लागतो’. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या पेट्यांमध्ये बहुतेक वेळा रीड्स धडधाकट असतात. झिजलेलं असतं ते त्यांच्या आजूबाजूचं. भात्याचं कातडं, पट्टीखालची बनात (जाड लोकरी कापड), रीडबोर्डाच्या (रीड्स बसवलेल्या फळीच्या) कडेची चामडी, सैल पडलेले स्क्रू. हवा गळत असेल तर चांगली रीडही आजारी वाटते, आणि आजारी समजून तिला घासलं की ती खरंच आजारी होते. जिभेवरून एकदा उतरलेलं पितळ परत चढवता येत नाही.

पेटीत हवा कशी फिरते ते आधी डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा भाता हवा आतल्या भात्यात ढकलतो. आतल्या भात्यावर स्प्रिंगचा दाब असतो, त्यामुळे हवा एकसारख्या जोराने पुढे जाते. स्टॉप (हवेची वाट उघडणारी खुंटी) उघडला की ती रीड्सच्या कप्प्यात येते. पट्टी दाबली की तिच्या मागची झडप रीडबोर्डावरच्या भोकावरून उचलली जाते आणि हवा रीडच्या जिभेला हलवत बाहेर पडते. या वाटेवर कुठेही गळती असेल तर दाब पडतो. नराच्या (खर्जापेक्षा एक सप्तक वरच्या संचाच्या) हलक्या जिभा तेवढ्या दाबावरही बोलतात; खर्जाची जड जीभ मात्र रेंगाळते. म्हणजे तुमचा खर्ज उशिरा बोलतो याचा अर्थ खर्जाच्या रीड्स खराब आहेत, असा होत नाही.

तेव्हा पहिलं काम हवेची तपासणी. सगळे स्टॉप बंद करा, भाता मारून आतला भाता पूर्ण फुगवा आणि हात काढून घ्या. तो किती सावकाश बसतो ते बघा. चांगल्या पेटीत तो बराच वेळ तग धरतो. लगेच बसला तर गळती भात्यात किंवा खालच्या पेटाऱ्याच्या सांध्यांत आहे. स्टॉप बंद असताना तो नीट टिकतो, पण एक स्टॉप उघडल्याबरोबर, एकही पट्टी न दाबता, भराभर खाली येतो, असं झालं तर दोष वर आहे. एक तर रीडबोर्ड नीट बसलेला नाही, किंवा झडपा भोकांवर घट्ट टेकत नाहीत. नेमकी जागा शोधायला उदबत्ती चांगली. पेटवून सांध्यापासून बोटभर अंतरावर धरा आणि हळूहळू कडेने फिरवा. जिथे धूर एकदम बाजूला फेकला जाईल तिथे गळती. भात्याच्या घडीचे कोपरे आधी बघा, कातडं तिथेच सर्वांत आधी फाटतं. ठिणगी कापडावर पडणार नाही एवढी काळजी घ्या.

झडपांची बनात कसरीने खाल्लेली असते, किंवा वर्षानुवर्षं एकाच जागी दबून तिच्यात भोकाचा ठसा उमटलेला असतो. ठसा नेमका भोकावर बसत असेल तर हरकत नाही. पट्टी कडेला सरकली असेल तर ठसा आणि भोक जुळत नाहीत आणि हवा सूं करत निघते. पट्टी सरळ केल्यावर अर्धी गळती तिथेच थांबते. कातडं किंवा बनात बदलायची असेल तर जुन्या पेटीला सरसच (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक) वापरा. सरस ओलाव्याने आणि उबेने सुटतो, त्यामुळे पुढच्या माणसाला काम उघडता येतं. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं कातडं काढताना लाकडाचे टवके निघतात.

हवा तपासून झाली की वही घ्या. मोबाइलवर ट्यूनर लावा, फक्त नराचा स्टॉप उघडा आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवून नोंद करा: वाजते का, लगेच वाजते का, खरखर आहे का, किती सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) चढी किंवा उतरी आहे. मग खर्जाचा स्टॉप उघडून तेच. ३९ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत ७८ रीड्स असतात, वही नसेल तर पुढे सगळा गोंधळ होतो. या नोंदीतच बहुतेक उत्तरं सापडतात. एखाद्या पट्टीवर नर आणि खर्ज दोन्ही वाजत नसतील तर दोन्ही रीड्स एकदम बिघडल्या असण्यापेक्षा ती पट्टी किंवा झडपच नीट उचलली जात नसण्याची शक्यता जास्त. एकच वाजत नसेल तर रीडकडे बघायचं.

या नोंदीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे चांगल्या चांगल्या पेट्यांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. ट्यूनर पेटीला समान अंतराच्या सप्तकाने मोजतो, म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत सरसकट १०० सेंट. आपल्याकडे मात्र काही वादक पेटी एका ठरावीक षड्जावर लावून घेत, ज्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. तिथे शुद्ध गांधार ट्यूनरच्या हिशेबाने १४ सेंट उतरा असतो, धैवत १६ आणि निषाद १२. समजा आजोबा काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असतील आणि वहीत पांढरी चार, काळी पाच आणि पांढरी एक या पट्ट्या प्रत्येक सप्तकात साधारण एवढ्याच उतऱ्या दिसल्या, तर ती बिघडलेली पेटी नाही. कुणीतरी कान लावून, मेहनतीने ती तशी लावलेली आहे. तिला ट्यूनरवर ‘शून्य’ करू नका. तसंच सगळी पेटीच एकसारखी २० सेंट चढी असेल तर तीही तशीच राहू द्या, जोवर तुम्हाला बासरीबरोबर किंवा दुसऱ्या पेटीबरोबर वाजवायचं नाही. एकमेकींशी जुळलेली पेटी सुरातच असते.

आता उघडायचं. उघडण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस घ्या, लहान पेचकसाने खाच फाटते. एखादा स्क्रू गंजून जाम झाला असेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगचं तापलेलं टोक थोडा वेळ टेकवा. लोखंड फुगतं, निवताना आकसतं, आणि गंजाची पकड सुटते. रीडबोर्ड बाहेर आला की रीड्स खालच्या बाजूला असतील हे विसरू नका. तो उलटा करून, रीड्स वर ठेवून, मऊ कापडावर ठेवायचा.

सफाई कोरडी. मऊ ब्रश घ्या, रंगकामातला नवाकोरा चालेल, आणि रिव्हेटकडून (जीभ जिथे चौकटीला पक्की ठोकलेली असते तिथून) टोकाकडे, याच दिशेने फिरवा. उलटा फिरवला की केस जिभेच्या टोकाखाली अडकतो आणि जीभ वर उचलली जाते. रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, श्वासात ओलावा असतो. गाड्यांच्या गॅरेजमधला हवेचा पाइप तर अजिबात नको. झुरळांची विष्ठा, जाळी, कोळ्यांची घरटी, कुंभारमाशीची माती, हे सगळं निघतं. माझ्या अनुभवात न वाजणाऱ्या रीड्सपैकी निम्म्याहून जास्त इथेच बोलू लागतात.

तरीही न बोलणारी एक रीड घ्या आणि तिला उजेडासमोर धरून बघा. रीड म्हणजे पितळी चौकटीतली एक खाच आणि एका टोकाला रिव्हेट केलेली पितळेची पातळ जीभ. जीभ खाचेतून आरपार हलते, पण तिने कडेला कुठेही घासता कामा नये. उजेडासमोर धरलं की जिभेच्या दोन्ही बाजूंना केसासारखी उजेडाची रेघ दिसते. दोन्ही रेघा सारख्या हव्यात. एका बाजूची रेघ मध्येच तुटलेली दिसली तर तिथे एक तर कचरा आहे, नाही तर जीभ कलली आहे. कचऱ्यासाठी पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद जिभेखाली सरकवा आणि टोकाकडे अलगद ओढून घ्या. कागदावर बारीक काळी-हिरवी पूड येते. ती येईनाशी झाली की थांबा. जीभ कललेली असेल तर रिव्हेटच्या बाजूने अगदी किंचित फिरवून मध्यावर आणायची. हे हाताच्या सवयीचं काम आहे. पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या भंगार रीडवर हात बसवून घ्या, आजोबांच्या रीडवर नको.

मग टोक बघा. जीभ आडवी, डोळ्यांच्या पातळीवर धरली की तिचं टोक चौकटीपासून किंचित वर उचललेलं दिसतं. ही उचल साधारण जिभेच्या टोकाच्या जाडीइतकी असते, खर्जाच्या रीडला थोडी जास्त. उचल कमी असेल तर जोराने भाता मारल्याबरोबर रीड गुदमरते आणि हळू मारला तर बोलते. उचल जास्त असेल तर आधी नुसती हवा फुसफुसते आणि सूर मागाहून येतो. ‘उशिरा बोलते’ ही तुमची तक्रार हवेची गळती काढल्यावरही राहिली तर या जागेवर बघायचं. उचल वाढवायला जिभेखाली स्टीलची पातळ पट्टी सरकवून टोकाला हलका बाक द्यायचा, कमी करायला वरून बोटाने दाबायचं. एका वेळी दिसेल न दिसेल एवढाच फरक करा आणि रीड परत लावून वाजवून बघा. नखाने टिंग टिंग वाजवून बघायची अनेकांना सवय असते. ती मोडा. प्रत्येक वेळी उचल बदलते.

खरखरणाऱ्या किंवा चिरकणाऱ्या रीडचं कारण बऱ्याचदा आणखी सोपं असतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, रीडचे स्क्रू सैल होतात आणि चौकट थरथरते. स्क्रू पाव फेरा आवळा आणि वाजवून बघा. जोर करून आवळू नका, चौकट वाकली तर खाच जिभेला चिमटते. भोक सैल झालं असेल तर बांबूची बारीक काडी सरसात बुडवून भोकात बसवा, वाळू द्या, मग स्क्रू लावा.

आता हिरव्या डागांबद्दल. पितळेवरचा तपकिरी थर तसाच राहू द्या. तो स्थिर असतो, धातूचं रक्षण करतो, आणि रीड ज्या सुरात लागलेली आहे त्यात त्या थराचं वजनही धरलेलं आहे. हिरवा कळंक फक्त जिभेच्या कडेला अडथळा करत असेल तरच काढायचा. रीड बोर्डावरून सोडवून घ्यायची, बांबूच्या अणकुचीदार काडीने कळंक सुटा करायचा, कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हे काम पेटीपासून दूर, वेगळ्या टेबलावर करा. जुन्या पेट्यांचं पॉलिश चपड्याचं (लाखेचं) असतं, आणि चपडा अल्कोहोलमध्येच विरघळतो. एक थेंब पडला तरी पांढरा डाग कायमचा.

चिंच आणि लिंबाने पितळ लखलखतं हे खरं आहे, पण देवाची भांडी आपण नंतर भरपूर पाण्याने धुतो. रीडची खाच तशी धुता येत नाही. आम्ल रिव्हेटखाली राहतं आणि पुढे कळंक वाढून बाहेर येतो. भांडी घासायची पावडर जिभेचा धातू खाते आणि खाचेत दाटून बसते. स्प्रेमधलं तेल जिभेवर राहतं, तिला जड करून सूर उतरवतं, धूळ धरतं, आणि कातड्यात-लाकडात मुरलं की तिथे सरस परत धरत नाही.

अमोनिया असलेली पॉलिशं आणि काचा पुसायचे द्रव यांच्याबद्दल जास्त गंभीरपणे सांगतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या तडकत. ती तबेल्यांत साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी ओल आणि घडवताना धातूत राहिलेला ताण, या तिन्हींनी मिळून पितळाला भेगा पडत होत्या. रीडची जीभ हे ताणाखाली काम करणारं पितळच आहे, आणि तिचं मूळ रिव्हेटपाशी सर्वांत जास्त वाकतं. अमोनिया तिथे पोचू देऊ नका. कोकणात गोठ्याला लागून असलेल्या खोलीत पेटी ठेवलेली मी पाहतो, तेव्हा मला पहिल्यांदा हेच सुचतं.

बदलायची कोणती? जिला मुळाशी भेग गेली आहे ती. तिची खूण अशी की वाजवता वाजवता सूर उतरत जातो, लावून घेतला तरी काही दिवसांनी परत उतरतो, आणि शेवटी एक दिवस जीभ तुटून पडते. भेग बुजवता येत नाही. तिच्या जागी त्याच बांधणीची जुनी रीड मिळाली तर उत्तम. जुन्या कारागिरांकडे मोडलेल्या पेट्यांमधल्या रीड्सचे डबे असतात. ती नाही मिळाली तर नवी. आपल्याकडे रीड्सचं मोठं काम गुजरातेत पालिताण्याला होतं आणि तिथली चांगली रीड वाईट नसते. पण एका भेगाळलेल्या रीडसाठी ७८ बदलणं मला पटत नाही. तुमच्या पेटीत जर्मन रीड्स असतील तर अजिबातच नाही. तो भरीव, मोकळा आवाज नव्या संचातून तसाच येईल याची खात्री कुणी देऊ नये.

सूर लावणं सर्वांत शेवटी. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. टोकाकडचं पितळ खरवडलं की जीभ हलकी होऊन सूर चढतो, मुळाकडचं खरवडलं की ती लवचिक होऊन सूर उतरतो. हात मात्र फार हलका लागतो. आधी नर लावून घ्यायचा, मग त्याच पट्टीचा खर्ज त्याच्याशी जुळवायचा. दोन्ही एकदम वाजवले आणि जुळत नसतील तर आवाजात लाटा ऐकू येतात. नर सेकंदाला ४४० कंपनांवर असेल आणि खर्ज त्याच्या निम्म्या २२० ऐवजी २२१ वर, तर सेकंदाला दोन लाटा. लाटा सावकाश होत होत थांबल्या की जुळलं. या लाटा तुमच्या कानाला स्पष्ट ऐकू येत नसतील तर हे काम जाणकाराला द्या. वरची सफाई तुम्ही केलेली असली तरी तो ती वाया जाऊ देणार नाही. आणि देण्याआधी काही आठवडे पेटी रोज वाजवा. पडून राहिलेल्या रीड्स वाजवता वाजवता थोड्या सरकतात, मग स्थिरावतात.

माझ्या उत्तरातलं किती तुमच्या पेटीला लागू पडेल हे तिच्या लाकडावर, आधी कुणी काय केलंय त्यावर आणि तुमच्या हाताच्या सवयीवर अवलंबून आहे. हवा, नोंद, कोरडी सफाई आणि सैल स्क्रू एवढं कुणीही काळजीपूर्वक करू शकतं. बाक देणं, जीभ मध्यावर आणणं आणि खरवडणं यासाठी शिकवणारा समोर असलेला बरा.

अकॉर्डियनला हे जसंच्या तसं लावू नका. त्याच्या जिभा पोलादाच्या असतात, चौकटी बहुधा ॲल्युमिनियमच्या आणि काही जुन्यांत जस्ताच्या. म्हणजे तिथे शत्रू कळंक नाही, गंज आहे. चौकटी बहुतेक वेळा स्क्रूने नाही तर मेण आणि राळेच्या मिश्रणाने लाकडी ठोकळ्यांवर बसवलेल्या असतात. मेण जुनं झालं की ठिसूळ होतं, भेगाळतं, चौकटी हलू लागतात. शिवाय भाता ओढताना एक जीभ वाजते आणि दाबताना दुसरी, म्हणून एकाच चौकटीवर दोन जिभा असतात, आणि न वाजणाऱ्या जिभेची वाट बंद करायला चामड्याची छोटी पट्टी लावलेली असते. ही पट्टी वाळून वर वळली की सूर डळमळतो आणि माणूस रीडला दोष देतो. तुम्ही एवढंच करा: वाद्य उघडून बघा, मेणाचे तुकडे पडलेत का, चामड्याच्या पट्ट्या वळल्यात का, जिभांवर तांबूस गंज आहे का. फोटो काढा आणि बंद करा. कोणताही द्रव आत जाऊ देऊ नका, आणि उन्हात उभ्या गाडीत तर ते ठेवूच नका. मेण मऊ झालं की चौकटी जागा सोडतात.

पेटी पुन्हा माळ्यावर नेऊ नका. कौलांखाली उन्हाळ्यात ताप आणि पावसात ओल, दोन्ही तिथेच जास्त. जमिनीपासून वर, भिंतीपासून थोडी दूर, सुती कापडाने झाकून, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ती बैठकीच्या खोलीत राहू द्या, आणि आठवड्यातून एकदा तरी सगळ्या पट्ट्या वाजवा. हवेचं काम आणि सफाई आत्ताच सुरू करायला हरकत नाही. सूर लावून घ्यायचं मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा. ओलीत लाकूड फुगलेलं असताना लावलेला सूर पौषापर्यंत हलतो आणि कारागिराला परत बोलवावं लागतं.